‘करावं लागलं’ आणि ‘करत बसले’

प्रश्न : ताई, मी 41 वर्षांची आहे, नोकरी करते. चित्रं बरी काढते आणि हे सगळ्यांना माहीत आहे, तिथंच घोळ आहे. ऑफिसच्या भित्तिपत्रकापासून नणंदेच्या मुलीच्या शाळेतल्या प्रकल्पापर्यंत सगळं माझ्याकडे येतं. कोणी विचारलं की तोंडातून ‘हो’ निघून जातं आणि फोन ठेवला की पोटात गोळा येतो. मग रात्री जागावं लागतं, घरच्यांचं ऐकून घ्यावं लागतं. मुलांसाठी किड्यांचं एक चित्रपुस्तक करायला घेतलंय. 3 वर्षांत 11 पानं झाली. शेवटचं पान कुंभारीण माशीचं. तिची कंबर इतकी बारीक, की सगळ्यात बारीक ब्रशनं ती रंगवत बसले आणि वर पाहिलं तर रात्रीचा दीड वाजला होता. त्यालाही आता 5 महिने झाले. गेल्या महिन्यात मैत्रिणीला कबूल केलेलं काम उशिरा दिलं, ती दुखावली. आता ऑफिसच्या स्मरणिकेची सगळी सजावट माझ्यावर सोपवायचं घाटतंय. येत्या रविवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे. एक सहकारी म्हणाला, ‘जे ऐकून अंगात उत्साह संचारेल तेवढंच घे, बाकी सगळ्याला नाही म्हण.’ मला हे फार स्वार्थीपणाचं वाटतं. आणि नाही म्हणायचं तरी कसं?
– ‘हो’ म्हणून बसलेली

उत्तर :

प्रिय मैत्रीण,

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर त्यातला मोजकाच भाग छापला आहे. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती. ‘लागलं’ या शब्दाखाली रेघ मारत गेले. घ्यावं लागलं, थांबावं लागलं, करून द्यावं लागलं, जागावं लागलं. 17 रेघा झाल्या. कुंभारणीच्या त्या चार ओळींत मात्र एकही रेघ नाही. तिथं तुम्ही ‘रंगवत बसले’ असं लिहिलं आहे. जागरण दोन्हीकडे झालं. झोप दोन्ही रात्री मोडली, दुसऱ्या दिवशी डोळे दोन्ही वेळा चुरचुरले असतील. पण एका रात्री तुम्हाला जागावं लागलं आणि दुसऱ्या रात्री तुम्ही जागत बसलात.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच क्रियापदांत आहे. आपण स्वतःशी किती खोटं बोललो तरी बोलण्यातलं क्रियापद सहसा खोटं बोलत नाही. आठवडाभर एक करून पाहा. रात्री झोपताना दिवसभरात काय काय केलं ते एका ओळीत लिहा, जसं सुचेल तसं. ‘लागलं’ कुठं येतं आणि ‘करत बसले’ कुठं येतं, ते आपोआप दिसेल. तुमचे सहकारी ज्याला उत्साह म्हणतात तो कुठं आहे हे शोधायला याहून वेगळं साधन मला तरी माहीत नाही.

आता स्वार्थाबद्दल. मला याच मुद्द्यावर जास्त थांबायचं आहे, कारण तुमची गाठ इथंच आहे. नाही कसं म्हणायचं हे तुम्हाला एका संध्याकाळी शिकता येईल. पण नाही म्हणणं म्हणजे कोणाला तरी लुबाडणं, असं जोवर आतून वाटतंय तोवर ते शिकलेलं ऐन वेळी ओठावर यायचं नाही.

मी स्वतः एकदा एका संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी लेखांचं संपादन कबूल केलं होतं. विचारणारे गृहस्थ वयानं मोठे, त्यांनी माझ्याविषयी चार चांगले शब्द बोलून गळ घातली. मी हो म्हटलं. लेखांची निळी फाइल टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात ठेवली. पहिल्या आठवड्यात ती रोज दिसायची. मग तिच्यावर वर्तमानपत्रं साठली. मग मी टेबलाच्या त्या बाजूला बसणंच सोडलं. सात महिन्यांनी, शेवटच्या आठ दिवसांत, कसंबसं उरकून दिलं. दोन लेखांची पानं एकमेकांत मिसळली आणि तशीच छापून आली. ते गृहस्थ चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुम्ही तेव्हाच नाही म्हणाला असतात तर मी आमच्या अमक्याला विचारणार होतो. त्याला फार करायचं होतं.’

त्या ‘अमक्या’ला मी ओळखत नव्हते. पण त्याची ती संधी मी सात महिने माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात दाबून ठेवली होती. आपण भिडेपोटी हो म्हणतो तेव्हा समोरच्यावर उपकार करतोय असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण त्याच्या कामाची वाट अडवून उभे असतो. तुमच्या मैत्रिणीचं दुखावणं याच जातीचं आहे. तुम्ही नाही म्हणाला असतात तर तिनं एका दिवसात दुसरं कोणी शोधलं असतं. तुम्ही हो म्हणालात म्हणून ती निश्चिंत राहिली, आणि मग तोंडावर आपटली. हे मी तुम्हाला टोचण्यासाठी लिहीत नाही. ज्या ‘हो’ला तुम्ही चांगुलपणा म्हणताय, त्याची किंमत दर वेळी तुम्ही एकट्याच मोजता असं नाही, हे तुमच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून लिहिते.

भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात. लहानपणी मला त्या म्हणीचा अर्थ कळत नसे. भिडस्त माणूस तर किती चांगला, तो भिकेला का लागेल? आज कळतं की पैशाची भीक ही त्यातली एकच. वेळेची भीक, झोपेची भीक, स्वतःच्या कामासाठी स्वतःकडेच मागावी लागणारी तासाभराची भीक, हे सगळं त्याच घरातलं.

आणि विचारणाऱ्यांना खलनायक करू नका. त्यांना खरोखर कल्पना नसते. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या अभ्यासकांनी 2008 मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात लोकांना सांगितलं होतं, अनोळखी माणसांकडून 5 प्रश्नावल्या भरून आणा, आणि आधी अंदाज सांगा की त्यासाठी किती जणांना विचारावं लागेल. त्यांचा अंदाज सरासरी 20 च्या आसपास होता. प्रत्यक्षात साधारण 10 जणांना विचारून काम झालं. विचारणाऱ्याला वाटत असतं की समोरचा सहज नाही म्हणू शकतो. तोंडावर नाही म्हणणं किती जड जातं याचा हिशेब त्याच्या मनात नसतोच. तुमच्या नणंदेला, तुमच्या साहेबांना, त्या मैत्रिणीला वाटतं की तुम्हाला जमत नसेल तर तुम्ही सांगालच. तुम्ही सांगत नाही, म्हणजे जमतंय. इतकं सरळ आहे ते त्यांच्या बाजूनं.

दुसऱ्या बाजूला, नकाराने समोरचा किती दुखावेल याचा आपला अंदाजही चुकलेला असतो. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांचं यावरचं संशोधन 2023 मध्ये आलं. कोणी आमंत्रण दिलं आणि आपण नाकारलं, तर बोलावणारा किती रागावेल, किती नाराज होईल, आपल्याला त्याची पर्वा नाही असं त्याला किती वाटेल, हे नाकारणारा फुगवून धरतो, असं त्यांना वेगवेगळ्या प्रयोगांत दिसलं. नाकारणाऱ्याला वाटतं की समोरच्याला फक्त ‘नाही’ ऐकू जाईल. बोलावणाऱ्याला मात्र बरेचदा हेही दिसतं, की नाही म्हणण्याआधी या माणसानं विचार केला आहे. थोडं मागं जाऊन पाहा. तुम्हाला कोणी नाही म्हटलं आणि तुम्ही ते वर्षभर मनात धरून बसलात, असं किती वेळा झालं? मी आठवून पाहिलं तेव्हा मला एकही प्रसंग सापडला नाही. हो म्हणून न करणारे मात्र नावानिशी आठवतात.

बरं, उत्साहाचं. तुमच्या सहकाऱ्यांचं वाक्य मला आवडतं, पण त्यात एक फसवी जागा आहे. फोन येतो, कोणीतरी म्हणतं, ‘हे काम तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही.’ तेव्हा अंगावर मूठभर मांस चढतं, आणि आपल्याला वाटतं हाच तो उत्साह. हा आनंद विचारलं गेल्याचा असतो, काम करण्याची ओढ वेगळी. विचारलं गेल्याचा आनंद फोन ठेवेपर्यंत पुरतो आणि मग गोळा येतो. कामाची ओढ फोन ठेवल्यावर सुरू होते. आपण भांडी घासत असतो, बसमध्ये उभे असतो आणि डोक्यात पुढचं पान तयार होत असतं. कोणी विचारलेलं नसतं, तरी होत असतं.

हे दोन्ही वेगळे करायला मी स्वतःला दोन प्रश्न विचारते. पहिला : हे काम मी केलं हे कोणालाही कधीच कळणार नसेल, तरी करेन का? कुंभारणीची कंबर रात्री दीडपर्यंत रंगवताना कोण पाहत होतं? स्मरणिकेच्या सजावटीला हा प्रश्न लावून पाहा. दुसरा प्रश्न : हे काम उद्या सकाळीच सुरू करायचं असतं, तर हो म्हटलं असतं का?

हा दुसरा प्रश्न साधा दिसतो पण फार कामाचा आहे. आपण हो म्हणतो ते बहुतेक वेळा दोन महिन्यांनंतरच्या तारखेला. आणि दोन महिन्यांनंतरची आपण जी बाई डोळ्यांसमोर आणतो, ती आत्ताच्या आपल्यापेक्षा खूपच मोकळी असते. गॅल झाउबरमन आणि जॉन लिंच यांनी 2005 मध्ये हेच मांडलं. पुढे आपल्याकडे आजच्यापेक्षा जास्त मोकळीक असेल असं माणसाला पैशापेक्षा वेळेबाबत अधिक वाटतं. पैशाच्या बाबतीत आपण बरेच शहाणे असतो, पुढच्या महिन्यातही हात आखडताच राहणार हे आपल्याला ठाऊक असतं. वेळ मात्र पुढं कुठंतरी साठून ठेवलाय, अशा भ्रमात आपण असतो. दोन महिने जातात, तारीख येते, आणि ती मोकळी बाई काही भेटत नाही. आजच्यासारखीच दमलेली, आजच्याइतकीच कामं डोक्यावर असलेली आपणच तिथं उभ्या असतो.

आणि त्यावर, कामाला किती दिवस लागतील हा अंदाजही कोसळतो. 1994 मध्ये रॉजर ब्युहलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, तो किती दिवसांत पूर्ण होईल. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे 34 दिवस होता. प्रत्यक्षात लागले 55 च्या वर. हे स्वतःच्या, नेमक्या एका कामाबद्दल. दुसऱ्यानं फोनवर ‘दोन तासांचं तर काम आहे’ म्हणून सांगितलेल्या कामाचा अंदाज किती चुकत असेल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. माझ्या घरात तरी दोन तासांचं काम अजून कधी दोन तासांत झालेलं नाही.

आता इथं मला तुमच्या सहकाऱ्यांच्या वाक्याला मुरड घालायची आहे, नाहीतर मी तुम्हाला चुकीच्या रस्त्याला लावेन. आयुष्यातल्या सगळ्याच गोष्टी उत्साहाच्या मापानं मोजायच्या नसतात. आजारी माणसाच्या उशाशी बसायला उत्साह लागत नाही. पोटच्या पोरांचं, म्हाताऱ्या आईवडिलांचं, ज्या कामाचा पगार घेतो त्या कामाचं, हे आपण आधीच दिलेले शब्द आहेत, ते रोज नव्यानं तोलायचे नाहीत. माप लावायचं ते नव्यानं अंगावर येणाऱ्या, नाकारता येण्याजोग्या कामांना. आणि पाच मिनिटांची मदत असेल, कोणाला रंग कुठला घेऊ सांगायचं असेल, कोणाची रेघ सरळ करून द्यायची असेल, तर ती हसत करा. तिथं हिशेब करणाऱ्या माणसांत राहायला मला आवडत नाही. तुमचा जीव खाणारी कामं ती नव्हेतच. पाच मिनिटांचं म्हणून येऊन तीन आठवडे घरात मुक्काम ठोकणारी कामं ती.

आवडीच्या कामातही कंटाळवाणे भाग असतातच. पानं स्कॅन करा, कडा कापा, क्रमांक घाला, मजकूर चौथ्यांदा तपासा. तेव्हा उत्साह वाटला नाही म्हणून पुस्तक आवडेनासं झालं असं समजू नका. ओढ त्या पुस्तकाची आहे. तीच हे रटाळ भाग ओढून नेते. तसंच काही कामं ऐकून पोटात गोळा आणि अंगात धडधड दोन्ही एकदम होतं. कधी न केलेलं काही असतं, फसू अशी भीती असते, पण मन मात्र त्याच्याभोवती घिरट्या घालत असतं. ती भीती नकाराची खूण समजू नका. नुसता गोळा आला आणि मन तिथून पळत असेल, तर नाही.

आणखी एक. कधी कधी काहीच ऐकून उत्साह येत नाही, स्वतःच्या पुस्तकाबद्दलही नाही. असं झालं तर आपल्याला काही आवडतच नाही असा निकाल देऊ नका. दमलेल्या माणसाला ओढ जाणवत नाही. आधी दोन आठवडे नवीन काही घेऊ नका, झोपा, आणि मग विचारा.

आता ‘कसं म्हणायचं’. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की कधी कधी धीर करून ‘बघते’ म्हणते. बाई, हा ‘बघते’ आधी सोडा. आपल्या बोलण्यात ‘बघते’, ‘बघू’, ‘सांगते’ हे शब्द नकाराच्या जागी इतके बसलेत की बोलणाऱ्याला वाटतं आपण नाही म्हटलं आणि ऐकणाऱ्याला वाटतं हो झालं. तुम्ही सुटलात म्हणून घरी जाता, तो काम लागलं म्हणून घरी जातो. पंधरा दिवसांनी ‘झालं का?’ म्हणून फोन येतो तेव्हा दोघंही खरे असतात, आणि संबंध मात्र बिघडतो. ‘बघते’च्या जागी वेळ मागा, पण तारीख घालून. ‘मला उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या, मीच फोन करते.’ आणि करा. फोनवर लगेच उत्तर द्यायचंच नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी तुमची अर्धी ‘हो’ गळून पडतील, कारण ती तुम्ही विचार करून दिलेली नाहीतच. ती सवयीनं तोंडातून निघालेली आहेत.

नाही म्हणताना कारणांची माळ लावू नका. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो. ‘या आठवड्यात वेळ नाही’ म्हटलं की ‘मग पुढच्या आठवड्यात करा’. ‘रंग संपलेत’ म्हटलं की रंग दारात हजर. त्यात त्याची काही चूक नाही, तुम्ही अडचण सांगितलीत, त्यानं मार्ग काढला. खरी गोष्ट अडचणीची नाहीच. तुम्हाला ते काम घ्यायचं नाही. व्हेनेसा पॅट्रिक आणि हेन्रिक हागव्हेट यांचा 2012 चा अभ्यास मोहाच्या गोष्टी टाळण्याबद्दल होता, पण इथंही लागू पडेल असं मला वाटतं. ‘मला करता येत नाही’ असं म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी करत नाही’ असं म्हणणारे आपल्या ठरवण्याला जास्त चिकटून राहिले. मराठीत हा फरक आणखीच ठसठशीत आहे. ‘मला जमणार नाही’ यात दार अर्धं उघडं आहे, जमवून घ्या म्हणायला वाव आहे. ‘पुस्तक पूर्ण होईपर्यंत मी दुसरं चित्रांचं काम घेत नाही’ यात कोणावर राग नाही, कोणाला डावललेलं नाही आणि वादाला जागाही नाही.

फ्रान्सिस क्रिक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल, डीएनएची रचना उलगडणाऱ्यांपैकी एक. 1962 मध्ये नोबेल मिळालं आणि त्यांच्याकडे मागण्यांचा पूर लोटला. त्यांनी सरळ एक कार्ड छापून घेतलं. पत्राबद्दल आभार, पण आपलं आमंत्रण स्वीकारता येत नाही, आणि खाली यादी : स्वाक्षरी पाठवणं, छायाचित्र देणं, मुलाखत देणं, भाषण करणं, हस्तलिखित वाचणं, असं बरंच काही. जे लागू असेल तिथं खूण करायची आणि कार्ड टपालात टाकायचं. तुम्ही कार्ड छापू नका, घरच्या माणसांना ते लागेल. पण त्यामागचं शहाणपण घ्या. नकार दर वेळी नव्यानं घडवायला बसलात तर दर वेळी नव्यानं विरघळाल. एकच वाक्य तयार ठेवा. आरशासमोर मोठ्यानं म्हणून पाहा, दहा वेळा. पहिल्या चार वेळा आवाज कापेल.

आणि नाही म्हटल्यावर गप्प राहा. इथं भलेभले घसरतात. नकार दिला, समोर दोन क्षण शांतता झाली, आणि ती शांतता सोसवत नाही म्हणून आपण म्हणतो, ‘पण मुखपृष्ठ तेवढं करून देते हवं तर.’ कोणी मागितलेलं नसतं. अपराधीपणापोटी टाकलेला तुकडा असतो तो, आणि पुढं सगळं काम त्याच तुकड्याला धरून घरात शिरतं. ती शांतता समोरच्याची आहे. त्यात तो दुसरं नाव आठवत असेल. त्याला आठवू द्या.

मोठ्या मानाचं असलं तरी स्वच्छ नाही म्हणता येतं. 1952 च्या नोव्हेंबरात इस्रायलचे पहिले अध्यक्ष खाइम वाइझमन गेले आणि ते पद अल्बर्ट आइनस्टाइन यांना देऊ करण्यात आलं. त्यांनी कळवलं की या प्रस्तावानं मी भारावलो आहे, पण तो स्वीकारता येत नाही याचं दुःखही आहे. जन्मभर वस्तुनिष्ठ विषयांत काम केलं, माणसांशी वागण्याची आणि अधिकारपद सांभाळण्याची नैसर्गिक हातोटी आणि अनुभव माझ्याकडे नाही. कृतज्ञता आहे, दुःख आहे, एक खरं कारण आहे, आणि ‘पुढे बघू’ कुठंही नाही. एवढं मोठं पद इतक्या कमी शब्दांत परत करता येत असेल, तर स्मरणिकाही येईल.

साहेबांनी ऑफिसच्याच वेळेत करायला सांगितलेलं काम असेल तर गोष्ट वेगळी. तिथं नाही म्हणता येत नाही, पण विचारता येतं : ‘माझ्याकडे सध्या ही दोन कामं आहेत. स्मरणिका घेतली तर यातलं कुठलं मागं ठेवू?’ निवड त्यांच्यावर टाका. बरेचदा त्यांना तुमच्याकडे काय काय आहे याचा पत्ताच नसतो.

आधी कबूल करून बसलेल्या कामांचं काय? पत्रात पाच कामं दिसतात. ज्यांची तारीख तोंडावर आहे ती पूर्ण करा, कुरकुर न करता. दिलेला शब्द आहे. ज्यांना अजून अवकाश आहे ती आजच परत करा. उशिरा केलेल्या कामापेक्षा लवकर परत केलेलं काम समोरच्याला जास्त उपयोगी पडतं. आणि मैत्रिणीला फोन करा. ‘मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं, मी म्हटलं नाही, त्यामुळे तुझं नुकसान झालं’ एवढंच सांगा. किती कामं होती, कोण आजारी होतं, हे काही सांगू नका. ती रुसलेली असेल तर थोडे दिवस रुसू द्या.

एका गोष्टीसाठी मात्र तयार राहा, ही कोणी आधी सांगत नाही. पहिले काही नकार दिल्यावर हलकं वाटण्याऐवजी पोकळ वाटेल. फोन कमी येतील. संध्याकाळी टेबलापाशी बसाल आणि कोणालाच तुमची गरज नाही असं वाटेल. इतकी वर्षं ‘तिला सांगा, ती करते’ ही तुमची ओळख होती, आणि ती ओळख तुम्हाला आवडतही होती. आवडत होती हे मान्य करण्यात लाजण्यासारखं काही नाही. मलाही आवडायची. त्या पोकळ संध्याकाळी हात शिवशिवतात आणि आपण स्वतःहून कोणाला तरी ‘काही मदत हवी का?’ असं विचारायला जातो. त्या संध्याकाळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि कागद समोर घ्या. काही काढलं नाहीत तरी चालेल. पेन्सिलीला टोक करा, जुनी 11 पानं उलटून पाहा. दोनतीन संध्याकाळी अशाच जातील. एक ना धड भाराभर चिंध्या गोळा करत आलेल्या हातांना एकच अखंड कापड धरायची सवय व्हायला वेळ लागतो.

काही माणसं दुरावतीलही. तुमच्या चित्रांपुरतं ज्यांचं येणंजाणं होतं ती येईनाशी होतील. याचं वाईट वाटेल, वाटू द्या. पण नणंदेच्या मुलीला एक करून बघा. प्रकल्प तुम्ही करून देऊ नका, तिला तुमच्या शेजारी बसवा. तुम्ही तुमचा किडा काढा, ती तिचं काढेल. तिला येईल तसं. मला वाटतं तिला ते करून दिलेल्या प्रकल्पापेक्षा जास्त आवडेल.

राहता राहिला रविवार. मी तुमच्या जागी असते तर रविवारची वाट न पाहता उद्याच हे लिहिलं असतं : ‘स्मरणिकेसाठी माझा विचार केलात, बरं वाटलं, आभारी आहे. मी सध्या मुलांसाठी एक चित्रपुस्तक करते आहे आणि ते पूर्ण होईपर्यंत दुसरं चित्रांचं काम घेत नाही. तुम्हाला दुसरं कोणी शोधायला पुरेसा वेळ मिळावा म्हणून लगेच कळवते आहे.’ तुमच्या शब्दांत हवं तसं बदला, पण ‘सध्या’च्या पुढं ‘जरा’ घालू नका आणि शेवटी ‘तरी काही लागलं तर सांगा’ असं लिहू नका.

पाठवलंत की बाराव्या पानावर कोणता किडा घेताय ते मला कळवा. कुंभारणीनंतर मला वाटतं काजवा यावा, पण ते तुमचं पुस्तक आहे.

तुमची,
ताई